पेंडिंग नाना

पेटंटसाठी अर्ज करणारा माणूस ओळखणं सोपं असतं. अर्ज टाकेपर्यंत तो कुणाशी काही बोलत नाही आणि अर्ज टाकल्यानंतर दुसऱ्या कशाविषयी बोलत नाही. पहिल्या गोष्टीला कायद्याचा आधार आहे. अर्जाआधी चारचौघांत बोललात की नावीन्य गेलं, असं एजंट पहिल्याच भेटीत बजावतो. दुसरीला कशाचाच आधार नाही. तो निव्वळ स्वभाव.

असा एकतरी माणूस प्रत्येकाच्या माहितीत असतो. कुणाच्या मामांनी ऊस तोडायचं अवजार केलेलं असतं, कुणाच्या सासऱ्यांनी चुंबकावर आपोआप आणि कायमचा चालणारा पंप. (निसर्गनियमांच्या विरुद्ध असलेल्या वस्तूला पेटंट नाही, असं पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्ये अगदी सुरुवातीलाच लिहिलंय, पण ते सासऱ्यांना सांगणार कोण?) आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या वाट्याला नाना आले.

नानांचा उभा जन्म टूलरूममध्ये गेला. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. त्यांना भिंतीवरचं चित्र वाकडं दिसत नाही, 'डावीकडे एक सूत खाली' दिसतं. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांचे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त केल्या. ज्यांच्या ठीक होत्या त्यांच्याही केल्या. आणि एके वर्षी अचानक माणूस गप्प झाला. बाल्कनीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. दुपारी दोन ते चार हॅकसॉचा आवाज. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "करतायत काहीतरी. मला विचारू नका, माझी सही घेतलीय." नानांनी खरोखरच शंभराच्या स्टॅम्पपेपरवर बायकोकडून गुप्ततेचा करार लिहून घेतला होता. साक्षीदार म्हणून वॉचमनची सही होती, आणि त्याने मजकूर वाचू नये म्हणून वरचा भाग दुमडून धरला होता.

मग 2019 साली एका संध्याकाळी नाना पेढे घेऊन दारात.

"पेटंट मिळालं?" मी विचारलं.

"अर्ज टाकला."

अर्ज टाकल्याचे पेढे मी पहिल्यांदाच खात होतो. "मिळाल्यावर वेगळे देईन," नाना म्हणाले आणि बाल्कनीवरची वर्तमानपत्रं त्याच रात्री उतरली.

शोध असा होता. कुकरच्या हँडलला चिमट्याने बसणारी एक पितळी डबी. शिट्टी उडाली की तिच्या धक्क्याने एक पट्टी सरकते, खटका पडतो आणि दात्यांचं चाक एक दाता पुढे जातं. काटा तीनवर लावला असेल तर तिसऱ्या शिट्टीला घंटी वाजते. घंटी सायकलची, जुन्या बाजारातून आणलेली. बॅटरी नाही, वायर नाही. अर्जात त्याला इंग्रजीत असं काही भारदस्त नाव दिलं होतं की त्यात कुकर कुठे आहे ते शोधावं लागे.

हे सुचलं कसं याच्या दोन आवृत्त्या आहेत. नानांची आवृत्ती 'स्वयंपाकघरात होणाऱ्या इंधनाच्या अपव्ययाचा मी अभ्यास करत होतो' अशी सुरू होते. काकूंची लहान आहे. "मी अंघोळीला जाताना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. बाहेर आले तर डाळीचा कोळसा. किती झाल्या विचारलं तर म्हणतात, दोनपर्यंत मोजल्या, मग अग्रलेख लागला."

लोकांना वाटतं अर्ज टाकला की काम सुरू होतं. प्रत्यक्षात अर्ज टाकला की वाट बघणं सुरू होतं, आणि नानांसारखी माणसं त्यातच खुलतात. आधी त्यांच्याकडे एक डबी होती. आता एक तारीख आहे. "आता जगात कुणीही उद्या हे केलं तरी तारीख माझी," हे वाक्य त्यांनी भाजीवाल्यालाही ऐकवलंय. तारखेच्या जोडीला नंबर. आपल्याकडचा अर्जाचा नंबर बारा आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा: दिल्ली एक, मुंबई दोन, कोलकाता तीन, चेन्नई चार. नानांना स्वतःचा मोबाइल नंबर सांगताना अडखळायला होतं, हा मात्र ते एका दमात म्हणतात, आणि पाचव्या आकड्याशी किंचित थांबून "दोन, म्हणजे मुंबई. अँटॉप हिल" असा खुलासा करतात.

पहिला अर्ज प्रोव्हिजनल होता; फी 1600 रुपये. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यावा लागतो, नाहीतर अर्ज गेला. ते वर्ष आकृत्यांचं. पेटंटच्या आकृत्यांमध्ये प्रत्येक भागाला नंबर असतो, आणि नानांनी ते नंबर घरात लागू केले.

"अगं, ते चौदा नंबर कुठंय?"

"चौदा नंबर घासायला टाकलाय," आतून काकू. चौदा नंबर म्हणजे कुकरची शिट्टी.

याच काळात व्हिजिटिंग कार्डांचं प्रकरण झालं. नानांनी उत्साहाच्या भरात पाचशे कार्डं छापून घेतली. वर नाव, खाली 'पेटंटेड शिट्टी-गणक'. त्यांची एजंट म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअर झालेली, एजंटची परीक्षा दिलेली, वयाने त्यांच्या मुलीपेक्षा लहान अशी एक शांत मुलगी. तिने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे एकही वाटू नका." पेटंट मिळालेलं नसताना वस्तूला 'पेटंटेड' म्हणणं हा कलम 120 खाली दंडाचा विषय आहे. अर्ज केलाय एवढंच म्हणता येतं. दुसरा कुणी असता तर त्याने कार्डं रद्दीत घातली असती. नाना टूलरूमचे. जेवणाच्या टेबलावर स्टीलची पट्टी, काळं पेन आणि पाचशे कार्डं घेऊन ते बसले. प्रत्येक कार्डावर 'टेड' या दोन अक्षरांवर पट्टी लावून एक रेघ, आणि वर बारीक अक्षरात 'ट पेंडिंग'. मी एक कार्ड जपून ठेवलंय. रेघ दोन्ही टोकांना अक्षराच्या बरोबर काठाशी थांबते, जराही बाहेर नाही. सोसायटीतल्या पोरांच्या हाती ही कार्डं पडली आणि त्या दिवसापासून ते पेंडिंग नाना झाले. नानांना हे माहीत आहे. मला वाटतं आवडतंही.

सकाळचा कार्यक्रम ठरलेला. चहा, मग पेटंट ऑफिसच्या साइटवर स्टेटस. नंबर टाकायचा आणि खालची वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायची. ती अक्षरं नानांना एका फटक्यात कधीच ओळखू आली नाहीत. "सूनबाई, हे जी आहे की नऊ?" अशी हाक गेली की आम्हाला खालच्या मजल्यावर कळायचं की आठ वाजले. स्टेटस कालचंच असायचं. नाना तरीही ते पूर्ण वाचायचे, न जाणो एखादा स्वल्पविराम हलला असेल.

शुक्रवारी मात्र सण. दर शुक्रवारी पेटंट ऑफिसचं जर्नल निघतं. अर्ज अठरा महिने गुप्त राहतो आणि मग त्या जर्नलात प्रसिद्ध होतो. (घाई असेल तर वेगळा फॉर्म आणि अडीच हजार रुपये.) आपला अर्ज यायला अवकाश होता तेव्हाही नाना ते वाचायचे, आणि दुसऱ्यांच्या अर्जांचे निकाल लावायचे. "हा केसांना लावायचं तेल आणतोय आजीच्या कृतीचं. तीन-पी, पारंपरिक ज्ञान, उडणार. हे नुसतं सॉफ्टवेअर, तीन-के. हा पेरणीची पद्धत सांगतोय, शेतीची पद्धत चालत नाही, तीन-एच." कलम 3 च्या सगळ्या पोटकलमांत कोण कुठे आपटणार हे त्यांना दिसायचं. आपलं कुठे आपटेल याचा विचार त्यांनी केला नव्हता.

पाहुणे आले की तीन गोष्टी सांगितल्या जात. पहिली हळदीची. अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावण्याला पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआरने ते लढवलं, माशेलकर तेव्हा तिथले प्रमुख होते, आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट सांगताना नाना 'आपण' म्हणतात. माशेलकरांच्या शेजारच्या खुर्चीवर तेही बसले होते असा ऐकणाऱ्याचा समज होतो. दुसरी शंकर आबाजी भिसे यांची. 1867 साली मुंबईत जन्मलेला हा माणूस, छपाईचे खिळे पाडणारं यंत्र करून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोचला. त्याच्यासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी खटपट केली, टाटांनी पैसा घातला. या गोष्टीनंतर नाना थोडे थांबून दाराकडे बघतात. टाटांपैकी कुणी येतंय का ते.

तिसरी त्यांची सगळ्यात लाडकी. हिंदुस्थानातला पहिला अर्ज 3 मार्च 1856 चा. कलकत्त्याचे डीपेनिंग नावाचे इंजिनिअर, आणि शोध काय, तर पंखा ओढायचं यंत्र! "म्हणजे बघा," नाना म्हणतात, "पहिला शोधसुद्धा घरातलाच. कुणीतरी पंखा ओढत बसलंय, ते याला बघवलं नाही."

"पंखा ओढणाऱ्याची नोकरी गेली असेल," काकू एकदा म्हणाल्या. त्या दिवशी गोष्ट तिथेच संपली.

नानांचा एक भाचा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याची सात पेटंटं 'पब्लिश' झाली आहेत. बढतीच्या फॉर्मवर तो रकाना असतो. पब्लिश होणं म्हणजे काय? अर्ज मागे घेतला नाही की तो पब्लिश होतोच. कुणी त्याला पास केलेलं नसतं. पुढे 'आता माझा अर्ज तपासा' अशी विनंती आपणच वेगळी करावी लागते, तिची फी वेगळी, एकट्यादुकट्या माणसाला 4000 रुपये. भाच्याने ती एकदाही भरलेली नाही. नानांनी दिवाळीत सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "सातातलं एक तरी तपासायला दिलंस का?" भाचा म्हणाला, "मामा, गरज काय?" नाना त्याच्याशी भाऊबीजेपर्यंत बोलले नाहीत. या एका बाबतीत मी पूर्णपणे नानांच्या बाजूने आहे. अर्ज करायचा आणि तपासू द्यायचा नाही, यापेक्षा चुंबकावरचा पंप परवडला. निदान तो बिचारा निकालाला सामोरा जातो.

अठरा महिने भरले आणि एका शुक्रवारी नानांचा अर्ज जर्नलात आला. त्यानंतरचा काळ सोसायटीच्या इतिहासात सोन्याचा. त्याचं असं झालं की अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळेपर्यंत, त्याला 'कोणतीही व्यक्ती' विरोध करू शकते, आणि प्रसिद्धीनंतर सहा महिने होईपर्यंत पेटंट देताच येत नाही, असं एजंटने सहज सांगितलं. नानांनी 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द मनावर घेतले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर आणि नाना यांच्यात पार्किंगवरून जुनं वैर. मॅनेजरसाहेब जिन्यात भेटले की मुद्दाम विचारायचे, "काय, आलं का तुमचं कुकरचं?" नानांनी त्या आठवड्यात आपली स्कूटर स्वतःहून सरकवून घेतली. टाकीच्या वर्गणीला पहिल्यांदा हो म्हणाले. वार्षिक सभेत एकाही ठरावाला त्यांनी हरकत घेतली नाही. सेक्रेटरींनी काळजीने त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मॅनेजरसाहेबांना हे कशामुळे चाललंय हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी नव्या जागेत गाडी लावून घेतली.

अर्ज जगजाहीर झाल्यावर पत्रं सुरू झाली. परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनात सुवर्णपदकासाठी आपली निवड झाली आहे, फक्त नोंदणी शुल्क युरोत भरा. जागतिक नोंदवहीत आपलं नाव घालायचं आहे, शुल्क डॉलरमध्ये. नाना एका सुवर्णपदकाच्या फार जवळ गेले होते. एजंटने फोनवर इतकंच सांगितलं, "काका, पदक देणारा आधी पैसे मागत नाही." ती चकचकीत पत्रं नानांनी फेकली नाहीत. फाइलमध्ये लावून प्रत्येकावर 'नाकारले' असं लिहिलं.

तपासणीची विनंती द्यायची मुदत तेव्हा 48 महिने होती. 2024 पासून नव्या अर्जांना ती 31 महिने झाली. नानांनी अर्थातच पहिल्या दिवशी दिली. मग त्यांना कुणीतरी जलद तपासणीबद्दल सांगितलं: अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर 8000 रुपये भरून रांगेत पुढे जाता येतं. नाना त्या रात्री जेवताना फार गोड बोलले. अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करतो म्हणाले.

"कशाला?" काकू.

"लवकर होईल."

"मला घाई नाही," काकू म्हणाल्या आणि ताक वाढायला उठल्या.

तपासणीचा पहिला अहवाल, म्हणजे एफईआर, ई-मेलने आला. तो वाचून भलेभले आडवे होतात, कारण त्यात बहुतेक वेळा एकजात सगळ्याच क्लेमना, म्हणजे शोधावरच्या दाव्यांना, हरकत असते. नानांच्या अहवालात आधीची तीन कागदपत्रं दाखवली होती: डी-1 अमेरिकेतलं, वाफेच्या बॉयलरचं जुनं काहीतरी, डी-2 चिनी, त्यातली चित्रं तेवढी समजत होती, आणि डी-3 कोइमतूरचा एक अर्ज, त्यात चक्क कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या. खाली कलम तीन-एफ: माहितीतल्याच वस्तूंची नुसती मांडणी. ज्याने दर शुक्रवारी लोकांना पोटकलमं वाटली त्याच्या पदरात त्यातलंच एक पडलं.

पण नानांना लागलं ते वेगळंच वाक्य. 'या क्षेत्रातील कुशल व्यक्तीला हे सहज सुचण्यासारखे आहे.'

"कोण हा?" नाना म्हणाले. "नाव काय त्याचं?"

असा प्रत्यक्ष माणूस नसतो, कायद्याने मानलेला असतो, हे एजंटने समजावलं. नानांना पटेना. "मी चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली. मला हे सहासष्टाव्या वर्षी सुचलं. याला सहज सुचतं? मग याने इतकी वर्षं डाळ जळू दिली कशी?" उत्तराचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहून काढला, मराठीत, फुलस्केप बावीस पानं. उत्तराला सहा महिने मिळतात. मुलीने त्यातले दोन आठवडे ती पानं वाचण्यात घालवली, हे मला तिचं मोठेपण वाटतं. तिने त्यातली फक्त एक आकृती ठेवली.

दरम्यान नानांनी डी-3 चा शोध लावला. प्रसिद्ध अर्जावर नाव-पत्ता असतोच. भांडायच्या तयारीने फोन लावला. पलीकडे त्यांच्याच वयाचे, सूतगिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा अर्ज केव्हाच 'अबॅन्डन्ड' झाला होता: ते मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेले, एफईआर जुन्या ई-मेलवर पडून राहिला, मुदत टळली. स्वतः मेलेला अर्ज दुसऱ्याच्या वाटेत मात्र आडवा येऊ शकतो, कारण प्रसिद्ध झालेलं ते झालेलंच. नाना तासभर बोलले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बिचाऱ्याचं चाक आपल्यापेक्षा चांगलंय रे. बारा दात्यांचं." आता रोज सकाळी डी-3 चा गुड मॉर्निंगचा मेसेज येतो, फुलांसकट.

उत्तर द्यायच्या आधी एजंट घरी आली. तिने एकच प्रश्न विचारला, "काका, डी-3 मध्ये नाही आणि तुमच्यात आहे असं नेमकं काय?"

नाना पितळेबद्दल बोलले. घंटीबद्दल बोलले. मुलगी नुसती मान हलवत होती. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या.

"त्यांचं अर्धी शिट्टीपण मोजत असेल," काकू म्हणाल्या. "ह्यांचं नाही मोजत. पहिलं केलं होतं ते मोजायचं, भात कच्चा राहायचा. मी सांगितलं, अर्धी धरायची नाही."

ज्यांनी कधी कुकर लावला नाही त्यांच्यासाठी: कुकर चढताना शिट्टी आधी नुसती फुसफुसते, थरथरते, थोडी उचलून परत बसते. ती धरायची का नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. काकूंचा पक्ष कडक होता. म्हणून नानांनी पट्टीला जाड स्प्रिंग लावली. वजन पुरतं उचललं गेल्याशिवाय खटका पडायचाच नाही.

मुलीने बशी खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला. मूळ तपशिलात नसलेली गोष्ट नंतर घालता येत नाही. पण तिला सगळं टिपून ठेवायची सवय, आणि नानांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं असणार. वर्णनाच्या एका कोपऱ्यात एक ओळ होती: अर्धवट उचल झाल्यास गणना होत नाही. त्या ओळीवर नवा क्लेम उभा राहिला. चाक, खटका आणि घंटी आपापली वेगळी कामं करत नाहीत, स्प्रिंगमुळे एकमेकांवर अवलंबून आहेत, हे तीन-एफचं उत्तरही तिथेच सापडलं.

"पण मग," मुलगी जरा चाचरत म्हणाली, "शोधक म्हणून काकूंचं नाव हवं."

मला वाटलं नाना आता वाद घालतील. ते थोडा वेळ पोह्यातले दाणे वेचत बसले. मग विचारलं, "फॉर्म कुठला?"

"आठ."

"दे," नाना म्हणाले. "टूलरूममध्ये ज्याचा जॉब, त्याचं कार्ड." काकूंच्या स्पेलिंगसाठी त्यांनी त्यांचं आधार कार्ड काढून आणलं, स्वतः भरलं, दोनदा ताडून पाहिलं.

हिअरिंग व्हिडिओवर झालं. नानांनी वर लग्नातला कोट आणि खाली पायजमा असा पोशाख केला होता. बोलायचं नाही असं बजावलेलं असूनही पेटंट ऑफिसच्या कंट्रोलरनी स्प्रिंगबद्दल विचारताच त्यांनी म्यूट काढला आणि कुकर कॅमेऱ्यासमोर धरून "सर, हाफ शिट्टी नॉट काउंटेड" एवढंच इंग्रजी केलं. कंट्रोलरनी मान डोलावली. कुठल्या प्रांतातले होते कुणास ठाऊक, पण घरी कुकर असणार. लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं, ते गेलं, आणि 2024 साल संपायच्या आत पेटंट मिळालं.

दुसऱ्यांदा पेढे आले. पेटंट वीस वर्षांचं, पण मोजायचं अर्जाच्या तारखेपासून. त्यातली पाच वाट बघण्यात गेलेली. नाना म्हणाले, "म्हणजे मी शहाऐंशीचा होईपर्यंत." मागच्या वर्षांची नूतनीकरण फी एकदम भरावी लागते, तिसऱ्या वर्षापासूनची, सुरुवातीला वर्षाला 800 रुपये. पुढच्या सगळ्या तारखा काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून टाकल्या. एक डबी कोइमतूरला रवाना झाली. "हाफ विसल नॉट काउंटिंग. व्हेरी गुड," डी-3 ने कळवलं. शोधकाला आता वेगळं प्रमाणपत्र मागता येतं, तेही नानांनी काकूंसाठी मागवलं. ते साड्यांच्या कपाटात असतं. भिंतीवर लावू का विचारलं तर काकू म्हणाल्या, "नको, लोक कुकर दुरुस्तीला आणतील."

सगळं मिळाल्यावर माणूस शांत होईल असा माझा अंदाज होता. पण पेटंटधारकाला फॉर्म 27 असतो. तीन वर्षांतून एकदा सांगायचं: शोध वापरात आणलात की नाही, नसेल तर का नाही. नानांनी आजवर डब्या केल्या त्या सगळ्या वाटलेल्या. 'वापरात नाही' असं सरकारला लिहून द्यायचं या कल्पनेने ते बेचैन झाले. मुदत लांब आहे असं मुलीने सांगून पाहिलं. गेल्या रविवारी ते माझ्याकडे आले, हातात डबी आणि नवं कोरं बिलबुक.

"फुकट नाही देणार," नाना म्हणाले. "विकत घे. पहिलं बिल तुझ्या नावाने फाडतो."

मी पैसे दिले. त्यांनी कार्बन घालून बिल केलं, खाली सही, शिक्का. मग डबी लावायला आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आमचा कुकर आतून बसणाऱ्या झाकणाचा. शिट्टीची जागा वेगळी, हँडल वेगळं. डबी बसेना. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, राहू द्या नाना, शोभेला ठेवू.

नाना ऐकत नव्हते. त्यांनी खिशातली पट्टी काढून झाकणाचं माप घ्यायला सुरुवात केली होती. "पेटंट ऑफ अ‍ॅडिशन," ते पुटपुटले. "मूळ शोधात सुधारणा. नवा अर्ज, नवा नंबर. आणि याला नूतनीकरणाची वेगळी फीसुद्धा नाही!" एवढं बोलून एकदम सावध झाले. दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस. फाइल होईपर्यंत." आणि आमचं झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

काल त्यांच्या बाल्कनीच्या काचांना पुन्हा कागद लागले. आमच्याकडे सध्या भात पातेल्यात शिजतो.